फटफटीवरची दानम्माची जागा

सोलापूरच्या बाळीवेशीत दानम्मा नर्स राहायची. मिरजेच्या दवाखान्यातून सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेऊन ती परत आली, तेव्हा तिच्या बरोबरीच्या बायकांना चार-चार लेकरं झाली होती आणि तिची कूस रिकामीच होती. "जिला कळा ठाऊक न्हाईत, ती दुसरीला काय सोडवणार?" असं गल्लीत बोललं गेलं. दानम्मा शहरातल्या एका सूतिकागृहात कामाला लागली, आणि पुढं तीच गल्ली दाराशी येऊन "अक्का, जरा येता का, लवकर" म्हणायला लागली.

उंचीनं ती बेताची, बांध्यानं भक्कम. अंगावर इरकली लुगडं, कपाळावर विभूती, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. तिची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की ती आधी अंगठ्यानं दाबून बघायची. वांगं असो, उशी असो, नवी चप्पल असो, डोळे किंचित मिटायचे, मान कलती व्हायची आणि अडलेल्या बाईचं पोट तपासताना व्हायचा तसाच चेहरा व्हायचा. दुकानदारसुद्धा तेवढा वेळ गप्प उभा राहायचा.

तिचा नवरा संगप्पा एका कापडगिरणीत इंजिनखात्यात फिटर होता. घरात कानडी, दारात मराठी आणि गिरणीत जी भाषा कानावर पडेल ती, असं त्याचं बोलणं. माणूस मायाळू, पण यंत्रापुढं त्याला दुसरं काही दिसायचं नाही. तेहेतीस सालच्या आसपास गिरणीतला गोरा इंजिनिअर कायमचा विलायतेला निघाला. त्याची एक जुनी, मोठी फटफटी होती. तिच्यावरून साहेब विजापूर, कोल्हापूर, पार महाबळेश्वरापर्यंत भटकून आला होता. अलीकडं ती संगप्पाशिवाय कुणाच्याच हाती चालू होत नव्हती. साहेबानं जाता जाता ती त्यालाच दिली.

संगप्पानं ती खोलून, घासून, पुन्हा जोडून धडधाकट केली. गल्लीला वाटलं, आता हा साहेबासारखा भटकणार. पण फटफटी लागली ती दानम्माच्या कामाला. खेड्यापाड्यांतून बोलावणी यायची. होटगीपर्यंत आगगाडी होती. पण गाडी तिच्या वेळेला सुटते आणि मूल त्याच्या वेळेला. बैलगाडीनं जावं तर पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. संगप्पा रात्रपाळी मागून घ्यायला लागला, म्हणजे दिवसा बायकोला घेऊन जाता येईल. बोलावणं आलं की तो किक मारायचा, दानम्मा मांडीवर औजारांची पेटी घेऊन मागं एका अंगानं बसायची आणि दोघं धुरळा उडवत निघायची.

साहेबाची पुढची सीट ऐटदार होती. जाड चामडं, खाली दोन दणकट स्प्रिंगा. मागं मडमेसाठी कधी काळी एक गादी होती. ती कुजून फाटली होती, आत उंदरानं घर केलं होतं. संगप्पानं ती काढून फेकली आणि खालच्या लोखंडी जाळीवर एक जुनी वाकळ घडी करून सुतळीनं बांधली. "झालं काम," तो म्हणाला.

चैत्रातल्या एका दुपारी होटगीच्या पलीकडच्या एका वस्तीवरून बोलावणं आलं. रस्ता म्हणजे गाडीवाट. दोन चाकोऱ्या आणि मधे धोंडे. दानम्मा एका अंगानं बसलेली, एक हात पेटीवर, एक हात संगप्पाच्या कमरेच्या पट्ट्यात. प्रत्येक धक्का जाळीतून थेट तिच्या माकडहाडात जात होता. पाय खाली लोंबत होते, त्यांना टेकायला काही नव्हतं. वस्ती आली, फटफटी थांबली आणि ती उतरायला गेली तर डावा पाय जमिनीला लागल्याचं तिला कळलंच नाही. ती भिंतीला धरून उभी राहिली. आतून बाईचं कण्हणं ऐकू येत होतं. सासू दारात येऊन म्हणाली, "या की बाई, आत या." दानम्माला खाली बसता येईना. कंबर लाकडासारखी झाली होती आणि हात थरथरत होते. त्या हातांनी ती कशाला शिवणार होती? तिनं पाणी मागितलं, नसलेली तहान भागवली, हात दोनदा धुतले आणि थरथर थांबायची वाट बघत उभी राहिली. तोवर गावातली म्हातारी सुईण बाळंतिणीला धरून होती.

त्या दिवशी निभावलं. मूल रडलं, आई वाचली.

घरी आल्यावर दानम्मानं भाकरी वाढली आणि नवऱ्याच्या समोर बसली.

"ऐका. मला बसायला जागा पाहिजे."

"कुटं?"

"फटफटीवर."

संगप्पा हसला. "हाय की. रोज बसतीस न्हवं?"

"ती जागा ओझ्याची. पोतं टाकावं तसं मला टाकून नेता. पोत्याला पोचल्यावर काम नसतंय."

"आगं, मागं जड सीट बसवली की पुढचं चाक हलकं पडतंय. तोल जातो. तुला मशीनचं कळत न्हाई."

"मला मशीनचं न्हाई कळत. कमरेचं कळतंय."

संगप्पानं दुसरी वाकळ वर बांधतो म्हटलं. दानम्मा म्हणाली, "नको. आधी एक करा. तुमच्या खात्यातल्या बिरप्पाला फटफटी येती न्हवं? त्याला पुढं बसवा. तुमी मागं बसा, एका अंगानं, मांडीवर माझी पेटी घ्या आणि होटगीला जाऊन या."

"मी? लोक हसतील."

"हसू द्यात."

दोन दिवस त्यानं टाळलं. तिसऱ्या दिवशी दानम्मानं स्वतः जाऊन बिरप्पाला सांगितलं. सुट्टीच्या सकाळी बिरप्पा पुढं आणि संगप्पा मागं पेटी घेऊन बसून गेला. गल्ली खरंच हसली. दोघं परत आले तेव्हा संगप्पा हळूच उतरला, पेटी कोपऱ्यात ठेवली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. आई निंगव्वानं ताट वाढलं. त्यानं ताट हातात घेऊन उभ्यानंच भाकरी खाल्ली. दानम्मानं विचारलंही नाही. हात धुताना तोच म्हणाला, "जिनगराकडं कधी जायचं?"

मंगळवार पेठेतला गोपाळ जिनगर म्हणजे पिढीजात खोगिरं करणारा. पोलिसांच्या घोड्यांचं सामान त्याच्याकडं यायचं, टांग्यांच्या गाद्याही तो भरायचा. त्यानं फटफटी चहूबाजूंनी बघितली आणि म्हणाला, "घोडं केलंय, उंट केलाय, हे पहिल्यांदाच. पण काळजी नको. मामलेदाराच्या टांग्याला केली तशी गादी करून देतो, झोप लागेल."

त्यानं गादी केली ती देखणी होती. खाली काथ्या, वर घोड्याच्या शेपटीचे केस, त्यावर काळं चामडं, कडेला पितळी खिळे. दानम्मानं अंगठ्यानं दाबून बघितलं आणि तिची मान तशीच कलती राहिली.

"का हो बाई, आवडली न्हाई?"

"लई मऊ वाटती, गोपाळराव. पण बसल्याबिगर कसं सांगू?"

ती बसून जेमतेम कुंभारीपर्यंत गेली. तेवढ्यात गादी तिच्या वजनानं एका अंगाला खचली, कारण ती बसायची एकाच बाजूला. तिथून ती घसरायला लागली. उन्हानं चामडं तव्यासारखं तापलं. दर खड्ड्याला पुन्हा वर सरकायचं आणि पुन्हा घसरायचं, या खटपटीत तिचे दंड भरून आले. ती परत आली ती सरळ गोपाळच्या दुकानात.

"मामलेदार टांग्यात स्वस्थ बसतो," ती म्हणाली. "मला धरून बसावं लागतंय. ही माझ्या कामाची न्हाई."

गोपाळला वाईट वाटलं. त्यानं खिळ्यांवरून फडकं फिरवलं आणि गादी तशीच मागं ठेवून दिली.

आता संगप्पाच्या मनानं घेतलं. बायकोला उत्तमातली उत्तम वस्तू आणायची. गिरणीच्या कामासाठी मुंबईला जाणाऱ्या माणसाकडून त्यानं रबराची विलायती सीट मागवली. तिच्यात सायकलच्या ट्यूबसारखी हवा भरायची. तो गल्लीत सगळ्यांना सांगत सुटला, "हवेवर बसायचं, हवेवर!" निंगव्वासुद्धा एकदा बसून बघून आली आणि "यव्वा, काय गुदगुल्या होत्यात" म्हणून उतरली.

दानम्मानं अंगठा लावला आणि अंगठा तसाच उडून परत आला. नवऱ्यानं एवढ्या हौसेनं आणलेली वस्तू, वापरून बघायलाच हवी होती. भर उन्हात दोघं होटगीच्या रस्त्याला लागली. सकाळी भरलेली हवा उन्हानं फुगली. सीट नगाऱ्यासारखी ताठ झाली. पहिल्या मोठ्या धोंड्याला दानम्मा तव्यावरच्या लाहीसारखी उडाली आणि खाली आली ती सीटवर नव्हे, रस्त्याच्या कडेच्या तरवडावर. पेटी दुसरीकडं. संगप्पा थोडा पुढं जाऊन थांबला, मागं बघितलं आणि धावत आला.

"लागलं का? दानम्मा, लागलं का?"

ती कोपरं झाडत उठली. लुगडं फाटलं होतं, कोपरातून रक्त येत होतं. "हवा काढा थोडी," ती म्हणाली.

"आता घरी जाऊ."

"बाई वाट बघतीया. हवा काढा."

त्यानं हवा काढली. मग खालचं लोखंड लागायला लागलं. ती तशीच बसून गेली आणि काम करून परत आली. संध्याकाळी कोपराला हळद लावताना संगप्पाचा चेहरा उतरला होता. "मी चांगली म्हणून आणली," तो म्हणाला.

"ठाऊक हाय मला. पण आता सीट मी बघते. तुमी फक्त लोखंड बघा."

त्यानंतर दानम्मा जिथं जाईल तिथं बसण्याची वस्तू बघायला लागली. सूतिकागृहातल्या खुर्च्या, देवळाचा कट्टा, टांग्याची मागची फळी. दस्तगीर टांगेवाल्याला तिनं विचारलं, "दिवसभर बसून तुझी कंबर कशी राहती रे?" तो म्हणाला, "अक्का, नरम पे नक्को बैठना. नरम गादी पैले सुख देती, बाद में हाड कू पकडती." ते तिला पटलं. मऊ नको आणि कडक नको हे कळलं, पण मधलं काय ते कळेना.

ते तिला घरातच मिळालं. निंगव्वा नवारीच्या बाजेवर बसून ज्वारी निवडत होती. दानम्मा तिच्याशेजारी टेकली आणि सवयीनं तिचा अंगठा नवारीवर गेला. पट्टी दबली, पण तळाला गेली नाही. तिनं मूठ दाबली. पट्टी मुठीखाली वाकली आणि शेजारच्या पट्ट्यांनी भार वाटून घेतला. ती उठून पुन्हा जोरात बसली. सुपातली ज्वारी उडाली.

"काय झालं गं तुला?" निंगव्वा ओरडली.

"अत्ती, या बाजेवर कधी कंबर दुखली?"

"हिच्यावर? माझं अर्धं आयुष्य गेलं की हिच्यावर. घामसुदा येत न्हाई. खालनं वारं लागतंय."

दुसऱ्या दिवशी दानम्मा पुन्हा गोपाळच्या दुकानात उभी राहिली. नवारीचं ऐकून गोपाळनं हात झटकले. "बाई, मी चामड्याचा माणूस. बाजा विणत न्हाई. आणि नवार ढिली पडती. आठ दिवसांत झोळी होईल तिची."

"मग ती घट्ट करायची सोय करा. घोड्याच्या पोटाखालचा तंग सैल पडला की काय करता?"

गोपाळ थांबला. "बक्कल एक घर पुढं घेतो."

"तेच इथं करा की."

गोपाळनं तिच्याकडं बघितलं, मग फटफटीकडं, मग पुन्हा तिच्याकडं. "मागची गादी तुमी परत दिली तेव्हा मला राग आला होता," तो म्हणाला. "अजून हाय थोडा. पण हे करून बघू."

साखरपेठेतल्या एका तेलुगू विणकराकडून दानम्मानं जाड नवार आणली. विणकरानं पातळ, रंगीत पट्टी पुढं केली होती. तिनं ती दाबून परत दिली आणि सुतळीसारख्या जाड धाग्याची पांढरी पट्टी निवडली. संगप्पानं गिरणीच्या भट्टीत लोखंडाची चौकट वाकवून घेतली, मागं थोडी रुंद, पुढं निमुळती. तिच्या खाली मोडीतल्या एका टांग्याच्या स्प्रिंगा बसवल्या. गोपाळनं नवारीच्या प्रत्येक पट्टीच्या टोकाला चामडं शिवलं आणि बक्कल लावलं. उभ्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या, एकीखालून एक. वर अंथरायला घोंगडीचा तुकडा, हवा तेव्हा काढता येईल असा. ती काही देखणी दिसत नव्हती. बिरप्पा म्हणाला, "बाजेचं पिल्लू दिसतंय." पण दानम्मानं अंगठा दाबला आणि या खेपेला तिची मान सरळ झाली.

बसून बघितलं तर धक्के खरंच निम्मे झाले. सीट तापेना, घसरण थांबली. तरीही चांगली दूरवर फेरी मारून उतरल्यावर तिच्या कमरेत तीच जुनी कळ होती, थोडी कमी, पण तीच. संगप्पा निराश झाला. दानम्मा ओट्यावर बसली, एका अंगानं बसून बघितलं, मग सरळ बसून बघितलं. फटफटीवर तिचे गुडघे रस्त्याच्या कडेला आणि छाती पुढं, म्हणजे मधला कणा पिळलेला. धुणं पिळावं तसा. कितीही चांगली सीट आणली तरी तो पीळ जाणार नव्हता.

"सीटचं काही न्हाई आता," ती म्हणाली. "बसायची रीत चुकतीया. मला तुमच्यासारखं बसायला पाहिजे. दोन्हीकडं पाय टाकून."

आसपास कुणी ऐकलं का ते संगप्पानं बघितलं. त्यांच्या घरच्या बायका लुगडं गोल नेसायच्या, कासोटा घालायच्या नाहीत. गोल लुगड्यात दोन्हीकडं पाय टाकता येत नाहीत. आणि कासोटा घालून, नवऱ्याच्या मागं, फटफटीवर, भर बाळीवेशीतून! तो हळू म्हणाला, "आईला काय सांगायचं?"

"मी सांगते."

तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. आडपडदा न ठेवता, काय दुखतं, का दुखतं, काय करणार आहे, सगळं. निंगव्वा ऐकत राहिली. मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि आत निघून गेली. दानम्माला वाटलं, झालं, आता महिनाभर अबोला.

निंगव्वा बाहेर आली ती जुनं, विटलेलं लुगडं हातात घेऊन.

"इकडं ये. उभी राहा," ती म्हणाली. "लग्नाआधी बापाच्या रानात ज्वारी काढायला जायचे मी, अक्कलकोटाकडं. गोल लुगड्यात ज्वारी निघत न्हाई. तवा आमी सगळ्या पोरी असं मधनं घेऊन मागं खोचायचो. दिवस मावळला की सोडायचो आणि घरी जायचो. कुणी काय म्हटलं न्हाई."

"आता म्हणतील, अत्ती."

"म्हणू द्यात. म्हणणारे काय बाळंत होत न्हाईत. बाया होत्यात." तिनं कासोटा ओढून घट्ट खोचला, सुनेला गुडघे वाकवून उठबस करायला लावली आणि पदर नीट केला. "पदर मात्र कमरेला बांध. चाकात गेला तर मग मलाच नर्स बोलवावी लागेल."

संगप्पानं दोन्ही बाजूंना पाय टेकायला लोखंडी पायट्या केल्या. पुढच्या सीटच्या मागं धरायला गोपाळनं चामड्याचा पट्टा शिवला. पेटीला बाजूला कप्पा झाला, म्हणजे मांडी मोकळी.

ज्येष्ठ लागला तेव्हा एका दुपारी गुरप्पा नावाचा तरुण शेतकरी सायकल हाकत आला. अक्कलकोटच्या रस्त्यावरून आत वळून त्याचं गाव. बायको गंगम्मा पहिलटकरीण, सकाळपासून अडलेली, आणि सुईण म्हणत होती की आधी पाय दिसतोय. दानम्मानं आत जाऊन लुगड्याचा कासोटा खोचला आणि बाहेर येऊन सीटवर बसली. दोन्हीकडं पाय टाकून. गल्लीतले लोक ओट्यांवर आले. कुणी हसलं, एका म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं.

नाक्यावर चहा पीत बसलेल्या माणसांपैकी एकजण ओरडला, "संगप्पा, बायकोला घोड्यावर बसवलास की रे!"

संगप्पाचे कान लाल झाले. त्यानं वेग कमी केला. दानम्मानं त्याच्या पाठीवर बोटानं टोचलं. "थांबू नका. पायाळू मूल हाय."

मग तो थांबला नाही. खडीचा रस्ता संपला, गाडीवाट लागली. दानम्मानं गुडघे किंचित आवळले, पायट्यांवर भार दिला आणि धोंडा आला की जराशी उचलायला शिकली, घोडेस्वारासारखी. नवार खाली दबायची आणि तिला पुन्हा वर घ्यायची. एका ओढ्यात चाक रुतलं तेव्हा ती टुणकन उतरली, मागून ढकललं आणि पुन्हा बसली. वाटेत तिला एकदाही कमरेची आठवण झाली नाही. ती मनात गंगम्माच्या पोटातल्या मुलाचा विचार करत होती, कसं असेल, हात कुठं असतील.

गाव आलं. फटफटी थांबायच्या आत ती उतरली होती. पेटी घेतली, दाराशी हात धुतले आणि सरळ आत गेली. खाली उकिडवी बसली आणि तिनं गंगम्माच्या पोटावर हात ठेवले. हात स्थिर होते.

"गंगम्मा, माझ्याकडं बघ. आता मी सांगेन तेव्हाच जोर कर. मी न्हाई म्हटलं तर न्हाई."

"मरते मी, अक्का."

"न्हाई मरत. एवढ्या लांबनं मी काय मरण बघायला आले?"

पायाळू मुलाला ओढायचं नसतं, थांबायचं असतं. आणि थांबणं हेच अवघड असतं. खोलीतल्या बायका "ओढा, ओढा की" म्हणत होत्या. दानम्मा उकिडवी बसून राहिली, हात खाली धरून, न ओढता, थांबून. पाय आले, कंबर आली, मग बराच वेळ काहीच नाही. तिच्या मांड्या जळत होत्या पण त्या तिच्या होत्या, तिचं ऐकत होत्या. मग तिनं एक हात आत सरकवला, मुलाची हनुवटी छातीकडं वळवली आणि म्हणाली, "आता. आता कर जोर, सगळा."

मुलगी निळी होती. दानम्मानं तिचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तळपायाला टिचकी मारली. मग मुलगी बारीक आवाजात कुरकुरली आणि नंतर एवढ्या जोरात रडली की बाहेर नुकताच पोचलेला गुरप्पा सायकल टाकून दाराशी धावला.

सगळं आवरून, गंगम्माला गरम पेज पाजून दानम्मा बाहेर आली तेव्हा उन्हं कलली होती. तिच्या पदराला, हातांना रक्त होतं. संगप्पानं तिच्या हातावर पाणी घातलं.

"कंबर?" त्यानं विचारलं.

"हाय की जागेवर," ती म्हणाली. मग जराशी हसली. "हाय याचीबी आठवण नव्हती."

परतीच्या वाटेवर ऊन मऊ झालं होतं. गाव मागं पडल्यावर थोड्याच वेळात संगप्पाला पाठीवर काहीतरी टेकल्यासारखं वाटलं. दानम्माचं डोकं होतं. दोन्ही हात चामड्याच्या पट्ट्यात घट्ट अडकवून ती बसल्या जागी झोपली होती. त्यानं वेग कमी केला, आणखी कमी केला. इंजिन कसंबसं चालू राहील एवढ्यावर आणलं. कडब्यानं भरलेली एक बैलगाडी मागून आली आणि शेजारी लागली.

"काय हो, बंद पडली का?" गाडीवानानं विचारलं.

"चालू हाय," संगप्पा हळू आवाजात म्हणाला. "नर्सबाई झोपलीया. तुमी व्हा पुढं."

बैलगाडी पुढं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संगप्पा गिरणीतून आला तेव्हा दानम्मा फटफटीपाशी वाकून उभी होती.

"डावी पायटी दोन बोटं वर घ्या," ती म्हणाली. "पाय जरा लोंबतो. आणि मधल्या पट्टीचं बक्कल सैल झालंय."

"आता परत?"

"परत. वैरागहून माणूस आलाय. तिकडं उद्या सकाळी जायचंय, लांबचा पल्ला हाय."

संगप्पानं सदरा काढला, पाना घेतला आणि फटफटीशेजारी बसला. दानम्मा गोपाळ जिनगराकडं निघाली. तिला एक बक्कल जास्तीचं हवं होतं.